पाण्याखालचा सातबारा: प्रवाळांच्या आसपासच्या समुद्रतळाचा नकाशा फोटोंवरून कसा तयार होतो?

३ एप्रिल २०१०. ऑस्ट्रेलियातल्या ग्लॅडस्टोन बंदरातून कोळसा भरून चीनकडे निघालेलं ‘शेन नेंग १’ हे जहाज ग्रेट बॅरियर रीफच्या हद्दीत भरकटलं आणि ‘डग्लस शोल’ या पाण्याखालच्या उंचवट्यावर जाऊन चढलं. पुढे झालेल्या तपासात एक गोष्ट समोर आली. जहाज चालवणाऱ्या अधिकाऱ्याला आधीच्या साडेअडतीस तासांत जेमतेम अडीच तास झोप मिळाली होती. वळायची जागा मागे पडली, हे त्याच्या लक्षातच आलं नाही.

जहाज सुमारे दहा दिवस तिथे अडकून पडलं. लाटांबरोबर हलत राहिलं, तळ घासत राहिलं. बुडाला लावलेला विषारी रंग खरवडून खडकांवर बसला. साधारण ४० हेक्टर समुद्रतळाचं नुकसान झालं आणि सहा वर्षांच्या भांडणानंतर, २०१६ मध्ये, जहाजाचे मालक आणि विमा कंपनी ३ कोटी ९३ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर द्यायला तयार झाले.

आता थोडा विचार करा. शेतात गारपीट झाली की तलाठी येतो, पंचनामा करतो. कोणत्या गटात काय पीक होतं, हे आधीच सातबाऱ्यावर लिहिलेलं असतं. समुद्राच्या तळाला सातबारा नाही. तिथे जहाज चढलं, वादळ आलं किंवा पाणी तापून प्रवाळ मेले, तर ‘आधी इथे काय होतं’ हे सांगणार कोण? नुसता खडक होता, वाळू होती की शेकडो वर्षं वाढलेले प्रवाळ होते?

हे सांगणारा कागद म्हणजे समुद्रतळाच्या अधिवासांचा नकाशा. आणि तो बनवायला आजही माणसाला पाण्यात उतरून फोटो काढावे लागतात. एवढे उपग्रह डोक्यावर फिरत असताना हे का करावं लागतं, हीच या विषयातली सगळ्यात रंजक गोष्ट आहे.

नकाशात नेमकं काय असतं?

आधी एक गोंधळ दूर करू. समुद्रतळाचा नकाशा म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे खोलीचा नकाशा येतो. तो सोनारने, म्हणजे ध्वनिलहरी पाठवून आणि परत येणारा आवाज टिपून तयार होतो. तळ किती खोल, कुठे डोंगर, कुठे दरी हे त्यातून कळतं. तळ टणक आहे की मऊ, याचाही अंदाज येतो. पण त्या टणक तळावर जिवंत प्रवाळ आहे की मेलेल्या प्रवाळाचा सांगाडा, हे नुसत्या आवाजावरून सांगणं कठीण.

अधिवासांचा नकाशा वेगळा. त्यात दोन थर असतात. पहिला थर जागेच्या ठेवणीचा. प्रवाळांची भिंत म्हणजे रीफ, ही सगळीकडे सारखी नसते. समुद्राच्या बाजूला उतार असतो, लाटा फुटतात तिथे कडा असते, कड्याच्या आत ओहोटीला उघडा पडणारा सपाट पट्टा असतो आणि त्याच्याही आत शांत पाण्याचं लगून. दुसरा थर त्या जागेवर काय आहे याचा: जिवंत कठीण प्रवाळ, मऊ प्रवाळ, शेवाळ, समुद्री गवत, प्रवाळांचे मोडके तुकडे, खडक, वाळू. सातबाऱ्याच्याच भाषेत सांगायचं तर पहिला थर जमिनीचा प्रकार सांगतो आणि दुसरा पीकपाहणी.

पहिला थर शेकडो वर्षं फारसा बदलत नाही. दुसरा थर एका उन्हाळ्यातही बदलू शकतो. सगळी मेहनत लागते ती दुसऱ्यासाठी.

उपग्रहाला काय दिसत नाही?

सूर्याचा प्रकाश पाण्यात शिरला की त्यातले रंग एकेक करून गळतात. सर्वांत आधी लाल जातो. स्वच्छ पाण्यातही पहिल्या पाच-दहा मीटरांत तो जवळपास संपतो. निळा सर्वांत खोल जातो. म्हणून तर खोल पाण्यातले फोटो निळे-हिरवे येतात आणि स्कूबा करून आलेल्या मित्राच्या फोटोत सगळ्यांचे चेहरे आजारी दिसतात.

उपग्रहाची अडचण याहून मोठी. प्रकाशाला खाली जाऊन, तळावर आपटून, परत वर यायचं असतं. म्हणजे पाण्यातून दोनदा प्रवास. त्यामुळे दोन मीटरवरची काळपट वस्तू आणि दहा मीटरवरची उजळ वाळू उपग्रहाच्या चित्रात सारखीच दिसू शकते. तो फरक तळाचा की खोलीचा, हे कसं ओळखायचं?

यावर १९७८ मध्ये डेव्हिड लायझेंगा या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक सुंदर युक्ती मांडली. वाळू सगळीकडे साधारण सारख्याच रंगाची आहे असं धरा. वेगवेगळ्या खोलीवरच्या वाळूचे पिक्सेल निवडा. निळा आणि हिरवा प्रकाश खोलीबरोबर किती वेगाने कमी होतो, याचं गुणोत्तर त्यातून मिळतं. ते वापरून खोलीचा परिणाम बाजूला काढला की मागे राहतो तो तळाचा स्वतःचा रंग. ही पद्धत नंतर सुधारली, पण तिचा पाया अजूनही वापरात आहे.

इतकं करूनही एक कोडं सुटत नाही. जिवंत प्रवाळ तपकिरी दिसतो. का? कारण त्याच्या ऊतींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं, प्रवाळाला अन्न पुरवतं आणि रंगही देतं. आता मेलेल्या प्रवाळावर वाढलेलं शेवाळ कसं दिसतं? तेही तपकिरी-हिरवट. म्हणजे एक निरोगी बाग आणि एक स्मशान, दोन्ही अवकाशातून जवळजवळ एकसारखी दिसतात. नकाशा बनवणाऱ्यांची खरी डोकेदुखी हीच. त्यासाठी कोणीतरी खाली जाऊन बघावं लागतं.

हेरॉन रीफ: एक बॅग, एक कॅमेरा आणि दोन घड्याळं

ग्लॅडस्टोनपासून सुमारे ८० किलोमीटरवर हेरॉन नावाचं छोटंसं बेट आहे. बेटाभोवतीचा रीफ मात्र ऐसपैस, जवळपास २८ चौरस किलोमीटरचा. तिथे क्वीन्सलंड विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. ख्रिस रोल्फसेमा आणि स्टुअर्ट फिन यांच्या गटाने २००२ पासून या रीफवर फोटो काढायला सुरुवात केली आणि पुढे वर्षानुवर्षे तिथे परत परत जाऊन ते काम चालू ठेवलं. प्रवाळांच्या नकाशांची पद्धत शिकायची असेल तर हेरॉनचं उदाहरण सगळ्यात चांगलं. कारण त्यात महागडं असं जवळपास काहीच नाही.

पद्धत अशी. पोहणारा स्नॉर्केल किंवा स्कूबा घालून रीफवरून एका रेषेत जातो. हातात साधा डिजिटल कॅमेरा, पाणी न शिरणाऱ्या डब्यात. कॅमेऱ्याचं तोंड सरळ खाली. दर दोन ते चार मीटरांवर एक फोटो. प्रत्येक फोटोत साधारण एक मीटर बाय एक मीटरचा तुकडा येतो. अशी एकेक रेष शेकडो मीटर चालते.

पण फोटो नेमका कुठला, हे कळलं नाही तर त्याचा नकाशाला उपयोग शून्य. जीपीएसचे संकेत पाण्यात शिरत नाहीत. काही सेंटिमीटर पाण्याखालीही ते मिळेनासे होतात. म्हणून जीपीएस यंत्र एका जलरोधक पिशवीत घालून ती पिशवी तरंगत ठेवतात आणि पोहणारा ती दोरीने मागे ओढत नेतो. जीपीएस दर काही सेकंदांनी आपली जागा आणि वेळ लिहून ठेवतो. कॅमेराही प्रत्येक फोटोची वेळ लिहितो. संध्याकाळी संगणकावर दोन्ही वेळा जुळवल्या की प्रत्येक फोटोला अक्षांश-रेखांश मिळतात.

इथे एक साधी चूक सगळ्या दिवसाचं काम वाया घालवू शकते: कॅमेऱ्याचं घड्याळ आणि जीपीएसचं घड्याळ यांत मिनिटाचा फरक. मिनिटभरात पोहणारा पंधरा-वीस मीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे वाळूचा फोटो नकाशावर प्रवाळाच्या जागी जाऊन बसतो. यावरचा उपाय अगदी घरगुती आहे. पाण्यात उतरण्याआधी जीपीएसच्या पडद्याचाच एक फोटो काढायचा. त्या फोटोत जीपीएसची वेळ दिसते, फोटोवर कॅमेऱ्याची वेळ असते, फरक लगेच कळतो.

इतकं करूनही जागा अगदी अचूक मिळत नाही. जीपीएसची स्वतःची चूक काही मीटरांची. प्रवाहाने पिशवी बाजूला सरकते, ती वेगळी. म्हणून रेष आखताना दोन अधिवासांच्या सीमेवरच्या फोटोंबद्दल शास्त्रज्ञ जपूनच बोलतात.

याहून जुनी पद्धतही अजून चालू आहे आणि ती ऐकून गंमत वाटेल. ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्सचे निरीक्षक एका फळीला धरून, लहान बोटीच्या मागे ओढले जात रीफच्या कडेने फिरतात. दोन मिनिटं ओढलं की थांबायचं, दिसलेल्या प्रवाळाचं प्रमाण लिहायचं, पुन्हा पुढे. १९८० च्या दशकापासून हे सुरू आहे. यात फोटोइतका बारकावा नाही, पण एका दिवसात रीफचा मोठा घेर पाहून होतो.

फोटोचे टक्के कसे काढतात?

समजा तुमच्या हातात असा एक फोटो आला. त्यात प्रवाळ किती? डोळ्यांनी अंदाज घेतला तर दोन माणसं दोन आकडे सांगतील. म्हणून फोटोवर संगणकाने ठिपके टाकले जातात, कुठेही, चिठ्ठ्या टाकल्यासारखे. हेरॉनच्या कामात प्रत्येक फोटोवर २४ ठिपके होते. मग माणसाने प्रत्येक ठिपक्याखाली काय आहे तेवढंच सांगायचं. २४ पैकी ९ ठिपके जिवंत प्रवाळावर पडले तर प्रवाळ साडेसदतीस टक्के. एका फोटोत यात चूक होईल, पण शेकडो फोटोंत ती एकमेकांना खोडून काढते. मतदानोत्तर चाचणीमागचा हिशोबही याच धाटणीचा असतो, फरक इतकाच की प्रवाळ खोटं उत्तर देत नाहीत!

गणित सोपं, काम कंटाळवाणं. हजार फोटो म्हणजे २४ हजार ठिपके. ते ओळखणारा माणूस प्रशिक्षित हवा. आणि मोहीम दोन आठवड्यांत संपते, फोटो बघायला मात्र महिने जातात. त्यामुळे अनेक वर्षं जगभर एकच चित्र होतं: हार्ड डिस्क भरलेल्या आणि निष्कर्ष अडकलेले.

ही कोंडी दोन बाजूंनी फुटली. एका बाजूला फोटो काढण्याचा वेग वाढला. २०१२ मध्ये क्वीन्सलंड विद्यापीठाचे ओव्ह होग-गुल्डबर्ग यांच्या नेतृत्वाखाली ‘कॅटलिन सीव्ह्यू सर्व्हे’ सुरू झाला. पाण्याखाली चालणाऱ्या स्कूटरवर तीन कॅमेरे बसवले, दर तीन सेकंदांनी फोटो, आणि एका बुडीत साधारण दोन किलोमीटरचा टप्पा. गूगल स्ट्रीट व्ह्यूची गाडी रस्त्यावरून फिरते, तोच प्रकार रीफवर. दुसऱ्या बाजूला फोटो वाचणारी यंत्रं आली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत तयार झालेलं ‘कोरलनेट’ त्यातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं. संशोधक काही फोटोंवरचे ठिपके स्वतः ओळखून दाखवतो, यंत्र त्यावरून शिकतं आणि उरलेले फोटो वाचतं.

यंत्रावर विश्वास कितपत ठेवायचा? सीव्ह्यूच्या फोटोंवर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यंत्राचे आणि तज्ज्ञांचे अंदाज ९७ टक्के जुळले. काम निदान दोनशे पट लवकर झालं आणि खर्च माणसांच्या तुलनेत सुमारे एक टक्का. आकडा भारीच आहे. पण तो वाचताना एक लक्षात ठेवा: हे जुळणं ‘कठीण प्रवाळ’, ‘शेवाळ’ अशा मोठ्या गटांच्या एकूण प्रमाणाबद्दल आहे. एखादी दुर्मिळ जात शोधायची असेल तर यंत्राने तिचे फोटो फारसे पाहिलेलेच नसतात. तिथे अजून माणूसच लागतो.

फोटो आणि उपग्रह एकत्र येतात तेव्हा

आता कोड्याचे दोन तुकडे हातात आहेत. फोटोंमध्ये बारकावा आहे, पण ते काही रेषांपुरतेच. उपग्रहाला सगळा रीफ दिसतो, पण त्याला कळतं कमी. नकाशा म्हणजे या दोघांचं लग्न लावणं.

आधी उपग्रहाच्या चित्राचे तुकडे करतात. शेजारशेजारच्या सारख्या रंग-पोताच्या पिक्सेलचा एक गट. मग जिथे फोटो उपलब्ध आहेत त्या गटांना नाव देतात: हा प्रवाळाचा, हा वाळूचा. त्या उदाहरणांवरून संगणक नियम शिकतो आणि उरलेल्या, कोणी न पाहिलेल्या गटांना नावं देतो. इथे जागेची ठेवणही मदतीला येते. लगूनच्या मधोमध तपकिरी ठिपका दिसला तर तो बहुधा प्रवाळाचा सुटा ढीग असतो. किनाऱ्यालगतच्या शांत पट्ट्यातला तसाच डाग समुद्री गवताचाही असू शकतो. जाणकार कोळी पाण्याचा रंग बघून खाली खडक आहे की रेती हे सांगतो, त्याच्या डोक्यातही साधारण हीच आकडेमोड चालू असते.

चांगला गट सगळे फोटो शिकवण्यात खर्च करत नाही. काही फोटो बाजूला, झाकून ठेवतो. नकाशा तयार झाल्यावर ते उघडून बघायचे: नकाशा म्हणतो तेच तिथे आहे का? यालाच नकाशाची अचूकता म्हणतात. यातही एक पळवाट आहे. झाकून ठेवलेला फोटो जर शिकवलेल्या फोटोपासून दोनच मीटरवरचा असेल, तर ती परीक्षा कसली? शेजाऱ्याच्या वहीतून उतरवल्यासारखंच ते. म्हणून ‘अचूकता इतके टक्के’ असा आकडा दिसला की तपासणीचे फोटो वेगळ्या जागांवरचे होते का, हे विचारायला हवं. नुसता मोठा आकडा पाहून नकाशा चांगला समजण्यात अर्थ नाही.

ही पद्धत एका रीफवरून सगळ्या जगावर नेली ती ‘ॲलन कोरल ॲटलस’ने. मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांच्या पैशातून हा प्रकल्प उभा राहिला. ॲलन २०१८ मध्ये वारले आणि जगाचा पहिला पूर्ण नकाशा २०२१ मध्ये बाहेर आला. हेरॉनवर पद्धत घडवणारा क्वीन्सलंड विद्यापीठाचा गटच नकाशे बनवण्याच्या कामात होता. ४८० हून जास्त जणांनी दिलेली १५ लाखांवर नमुन्यांची उदाहरणं यात वापरली गेली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिशोबानुसार जगात सुमारे ३ लाख ४८ हजार चौरस किलोमीटर उथळ प्रवाळ रीफ आहेत. त्यातला प्रवाळ वाढू शकतील असा कठीण तळ मात्र फक्त सुमारे ८० हजार चौरस किलोमीटर. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या जेमतेम चौथ्या हिश्शाएवढा, आणि तो सगळ्या पृथ्वीवर मिळून!

हा ॲटलस कोणालाही फुकट बघता येतो, म्हणून त्याचे स्क्रीनशॉट सोशल मीडियावर फिरत असतात. ‘बघा, इथे एवढे प्रवाळ जिवंत आहेत’ असं त्याखाली लिहिलेलं असतं. इथे थांबा. त्या नकाशातल्या गटाचं नाव ‘प्रवाळ/शेवाळ’ असं एकत्र आहे. मघाशी सांगितलेलं तपकिरी रंगाचं कोडं आठवा. त्या रंगाचा अर्थ ‘इथे प्रवाळ किंवा शेवाळ आहे’ इतकाच. जिवंत की मेलेलं, हे तो सांगत नाही. शिवाय तळावर काय आहे हे दाखवणारा त्यातला थर सुमारे दहा मीटर खोलीपर्यंतच आहे.

दहा मीटरच्या खाली

त्याखाली अंधार सुरू होत नाही, फक्त उपग्रहाची नजर संपते. प्रवाळ याहून बरेच खोल वाढतात. तिथे माणूस फार वेळ थांबू शकत नाही, म्हणून यंत्रं पाठवतात. सिडनी विद्यापीठाच्या ‘सिरियस’ या स्वयंचलित पाणबुडीने २००७ मध्ये ग्रेट बॅरियर रीफच्या बाहेरच्या कडेचे फोटो काढले. ती तळापासून साधारण दोन मीटर उंचीवरून, दोन कॅमेरे आणि स्वतःचा फ्लॅश घेऊन, रांगोळीच्या रेषांसारखी मागेपुढे फिरते. दोन कॅमेऱ्यांमुळे आपल्या दोन डोळ्यांसारखी खोलीची जाणीव मिळते. एकावर एक चढणारे हजारो फोटो जोडले की तळाची त्रिमितीय प्रतिकृती तयार होते. त्यात प्रवाळाची उंची मोजता येते, त्याच्या फटी दिसतात. माशांची पिल्लं लपतात ती याच फटींमध्ये. म्हणून नुसत्या ‘किती टक्के प्रवाळ’ यापेक्षा हा खडबडीतपणा मासेमारीच्या दृष्टीने जास्त बोलका ठरतो.

आणि अजून किती बघायचं बाकी आहे? ऑक्टोबर २०२० मध्ये केप यॉर्कजवळ ‘फाल्कोर’ या संशोधन जहाजाला एक सुटा रीफ सापडला. उंची तब्बल ५०० मीटर, माथा पाण्याच्या पृष्ठभागाखाली फक्त ४० मीटर. जगातल्या सर्वांत जास्त अभ्यासलेल्या प्रवाळ प्रदेशात तो तोवर कोणाच्याच नकाशावर नव्हता. सोनारने आकार दाखवला आणि नंतर कॅमेरा असलेलं यंत्र खाली सोडून तिथली जीवसृष्टी बघितली गेली.

नकाशावरून काय ठरतं?

पुष्कळ काही. २००४ मध्ये ग्रेट बॅरियर रीफच्या सागरी उद्यानाची नव्याने आखणी झाली. आधी पाच टक्क्यांहून कमी भागात मासेमारीला पूर्ण बंदी होती, ती सुमारे ३३ टक्क्यांवर गेली. रेषा कुठे ओढायच्या? तज्ज्ञांनी सगळ्या प्रदेशाचे ७० जैवविभाग पाडले आणि प्रत्येकाचा निदान २० टक्के भाग संरक्षित हवा असा नियम ठेवला. म्हणजे नुसते देखणे प्रवाळच नाहीत, तर वाळूचे, गवताचे, चिखलाचे पट्टेही त्यात आले. मच्छीमारांच्या रोजीरोटीवर याचा थेट परिणाम होणार होता. अशा वेळी नकाशा चुकीचा असेल तर दोन्हीकडून तोटा: ज्याची बोट थांबली त्याचंही नुकसान, आणि जे वाचवायचं ते वाचतही नाही.

दुसरा उपयोग पाणी तापतं तेव्हा. २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४ अशा एकापाठोपाठ एक वर्षांत तिथे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मेलेला नसतो. शैवाल त्याला सोडून गेलेलं असतं, पाणी थंड झालं तर तो सावरू शकतो. तो सावरला की गेला, हे कळायला काही महिन्यांनी त्याच जागेचा फोटो लागतो. विमानातून किंवा उपग्रहातून पांढरेपणा दिसतो, पण नंतरचा तपकिरी रंग परतलेल्या शैवालाचा की मेलेल्या सांगाड्यावर चढलेल्या शेवाळाचा, ते जवळून बघितल्याशिवाय कळत नाही. हेरॉनच्या वर्षानुवर्षांच्या फोटोंची किंमत इथे आहे. जुने फोटो नसतील तर तुलना कशाशी करणार?

आपल्याकडे काय?

भारतातले मोठे प्रवाळ प्रदेश म्हणजे अंदमान-निकोबार, लक्षद्वीप, मन्नारचं आखात आणि कच्छचं आखात. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने उपग्रहांवरून त्यांचे नकाशे केलेले आहेत. महाराष्ट्रातही प्रवाळ आहेत, हे मात्र अनेकांना माहीत नसतं. मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या समुद्रात ते आहेत; १९८७ मध्ये तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं. आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटर आत अँग्रिया बँक आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं हे पठार पूर्णपणे पाण्याखाली आहे.

गंमत म्हणजे उपग्रहाच्या दृष्टीने दोन्ही जागा अवघड, आणि कारणं अगदी उलटी. मालवणला पाणी उथळ, पण गढूळ. पावसाळ्यात नद्या माती आणतात, लाटा तळ ढवळतात, तळावरून परतणारा प्रकाश वरपर्यंत पोचतच नाही. अँग्रियाला किनाऱ्यावरचा गाळ पोचत नाही, पाणी स्वच्छ, पण पठाराचा माथाच साधारण २० मीटर खोल. म्हणजे दोन्हीकडे खरा भरवसा पाण्यात उतरणाऱ्या कॅमेऱ्यावर. अँग्रियावर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसह इतर संस्थांच्या संशोधकांनी बुड्या मारून पाहणी केलेली आहे. पण किनाऱ्यापासूनचं अंतर, पावसाळ्यातला बंद समुद्र आणि बोटीचा खर्च बघता हेरॉनसारखी दरवर्षीची वारी तिथे सोपी नाही.

घरबसल्या हातभार लावता येतो का?

येतो. ऑस्ट्रेलियात २०२० पासून ‘ग्रेट रीफ सेन्सस’ चालतो. पर्यटक, मच्छीमार, बोटवाले ठरवून दिलेल्या पद्धतीने रीफचे फोटो काढून पाठवतात आणि जगातले कोणीही लोक ऑनलाइन ते तपासून प्रवाळाचा भाग रंगवतात. नासाने त्याच वर्षी ‘नेमो-नेट’ नावाचा मोबाइल गेम काढला. त्यात खेळणारे रीफच्या त्रिमितीय चित्रांवर प्रवाळ ओळखून रंगवतात आणि त्यावरून संगणक शिकतो. एकाचा अंदाज चुकला तरी एकाच चित्रावर अनेकांची मतं घेतल्यामुळे निकाल सुधारतो.

तारकर्ली-मालवणला स्कूबा करणाऱ्यांच्या फोनमध्येही फोटोंची कमी नाही. बहुतेकांत मधोमध आपणच असतो, मागे कुठेतरी प्रवाळ. अभ्यासाला उपयोगी पडेल असा फोटो हवा असेल तर कॅमेरा सरळ खाली धरा, मापासाठी बाजूला एखादी माहितीची वस्तू, उदाहरणार्थ पट्टी, फ्रेममध्ये येऊ द्या, रंग सुधारणारा फिल्टर लावलेली नव्हे तर मूळ फाइल जपून ठेवा आणि तारीख, वेळ, बुडी मारलेल्या जागेचं नाव त्याच दिवशी लिहून ठेवा. बोट थांबते तिथे वर असताना फोनवर ठिकाण नोंदवलंत तर आणखी चांगलं. प्रवाळाला हात लावू नका, त्यावर पाय टेकू नका आणि आठवण म्हणून तुकडाही आणू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत कठीण प्रवाळ आहेत. ते तोडणं हा वाघाला मारण्याच्याच यादीतला गुन्हा आहे.